गालातली गाठ: आधी ओळख, मग शस्त्रक्रिया

(तालुक्याच्या गावी झालेल्या आरोग्य मेळाव्यात डोके व मानेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका महिला सर्जनने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)





संयोजकांनी मला बोलावले तेव्हा ते म्हणाले होते, "डॉक्टर, कॅन्सरवर बोला." मी म्हटले, कॅन्सर हा शब्द फलकावर लिहिला तर निम्मी माणसे येणार नाहीत. मी गालातल्या गाठीवर बोलते. कारण माझ्याकडे येणारा माणूस "मला कॅन्सर झालाय" असे म्हणत येत नाही. तो गालावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "इथे हाताला काहीतरी लागतंय." त्या बोटाखाली काय काय असू शकते, ते कसे ओळखायचे, आणि त्यावर सुरी कधी आणि कशी चालवायची, एवढेच आज सांगणार आहे.

माझे सगळे बोलणे विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट घरी घेऊन जा. गालातल्या गाठीला नाव मिळाल्याशिवाय तिच्यावर सुरी चालू देऊ नका, आणि नाव मिळाल्यावर दिवस घालवू नका. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके उलटे होते. घाईने कापले जाते, किंवा वर्षानुवर्षे झाकून ठेवले जाते.

एका मुलीची गोष्ट सांगते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. डाव्या कानाच्या पाळीखाली बोराएवढी गाठ. दुखत नव्हती, तीन वर्षांत हळूहळू वाढली होती. घरच्यांना फिकीर होती ती सोयरिकीची. दुपट्टा असा घ्यायचा की गाठ दिसू नये. मग ठरले की लग्नाआधी काढून टाकू. जवळच्या एका दवाखान्यात सांगितले गेले, "चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासाचे काम." जागेवर भूल देऊन, गालावर छोटा छेद घेऊन गाठ सोलून काढली. आधी सुईची तपासणी केली नाही. काढलेली गाठही तपासायला पाठवली नाही, ती कचऱ्यात गेली.

सात वर्षांनी ती माझ्याकडे आली. कडेवर मूल होते. जुन्या व्रणाखाली तुटलेल्या माळेचे मणी विखुरावेत तशा पाच-सहा लहान गाठी. ती चरबीची गाठ नव्हतीच. ती लाळग्रंथीची गाठ होती आणि तिचा काही अंश आत राहून गेला होता. दुसरी शस्त्रक्रिया चार तास चालली, कारण चेहरा हलवणारी नस जुन्या व्रणात चिकटून बसली होती. तिच्या चार शाखा वाचल्या, एक वाचली नाही. आज ती बरी आहे, पण हसली की खालचा ओठ एका बाजूला नीट खाली जात नाही. तिने मला विचारले, "मॅडम, तेव्हा एक सुई मारली असती तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते तिच्या उपयोगाचे नव्हते. ते तुमच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे आले.

गालात असते तरी काय?

आपण गाल म्हणतो तो एक पदर नाही. बाहेरून आत जाऊ या. आधी कातडी. तिच्या खाली चरबी. मग चावण्याचा आणि गाल आत ओढण्याचा स्नायू. आणि सगळ्यात आत, तोंडाच्या बाजूला, ओलसर गुलाबी अस्तर. कानाच्या पुढे आणि पाळीच्या खाली पॅरोटिड नावाची मोठी लाळग्रंथी पसरलेली असते. तिची नळी गालातून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर तोंडात उघडते. आरशात बघा, तिथे मोहरीएवढा उंचवटा दिसेल.

या पॅरोटिडच्या आतून चेहऱ्याची नस जाते. कानामागच्या हाडातून ती बाहेर पडते, ग्रंथीत शिरते आणि झाडासारखी फुटते. एक फांदी कपाळाला, एक डोळ्याला, एक गालाला, एक खालच्या ओठाला, एक मानेला. भुवई उचलणे, डोळा मिटणे, फुंकर घालणे, हसणे, सगळे त्या नसेवर. गालावरची शस्त्रक्रिया अवघड असते ती या नसेमुळे. गाठ काढायला वेळ लागत नाही, नस सांभाळायला लागतो.

गाठ यांपैकी कुठल्याही थरातून येऊ शकते. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून पहिला प्रश्न "काढायची का?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "ही कुठल्या थरातली?"

सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात

मुलाला ताप आला आणि एक-दोन दिवसांत गाल कानाखाली सुजला, आधी एक मग दुसरा, तर बहुधा गालगुंड असतात. ते विषाणूमुळे होतात, आपोआप बरे होतात. सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. डाग देणे, चुना-गूळ लावणे याने गालगुंड बरे होत नाहीत, कातडी मात्र भाजते. त्याची लस आहे, एमएमआर. सध्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नसते, म्हणून बालरोगतज्ज्ञाला विचारून घ्यावे.

किडलेल्या दाढेमुळे गाल सुजतो. तो लाल, गरम, ठणकणारा असतो. इथे पू काढावा लागतो आणि दाढेचा इलाज करावा लागतो. कातडीतल्या तैलग्रंथीचे तोंड बंद होऊन गोल गाठ होते, तिच्यावर बारीक काळा ठिपका दिसतो. चरबीची गाठ मऊ असते, बोटाखालून निसटते. टीबीमुळेही या भागात गाठ येते, आणि तिला सुरी नको असते, टीबीची औषधे पुरतात. मधुमेह किंवा दारू यांमुळे दोन्ही गाल कानाखाली फुगू शकतात. एकाच बाजूने सतत सुपारी चघळणाऱ्याचा चावण्याचा स्नायू मोठा होतो. त्याला दात आवळायला सांगितले की ती "गाठ" दगडासारखी होते, सोडायला सांगितले की मऊ पडते. यातल्या काही ठिकाणी कापण्यासारखे काहीच नसते.

एक खाला माझ्याकडे रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. वय साठीचे. महिनाभर रडून रडून अर्ध्या झाल्या होत्या. रोजा सोडताना पहिला खजूर तोंडात घातला, लिंबाचे सरबत प्याले की उजवा गाल फुगायचा, दुखायचा, तासाभरात उतरायचा. शेजारणीने सांगितले होते, कॅन्सर आहे. मी म्हटले, "खाला, कॅन्सर जेवणाची वेळ बघून येत नाही." लाळेच्या नळीत खडा अडकला होता. आंबट खाल्ले की लाळ सुटते, खड्याला अडते, ग्रंथी फुगते. सोनोग्राफीत खडा दिसला. नळीच्या तोंडाशीच होता, तोंडाच्या आतून छोटा छेद घेऊन काढला. ईदला त्यांनी शीरखुर्मा पाठवला.

त्या महिनाभर ज्या भीतीत जगल्या, ती एका तपासणीने पहिल्या दिवशीच गेली असती. लवकर दाखवण्याचा हाही फायदा आहे. बहुतेक वेळा बातमी चांगली असते.

डॉक्टरने काय तपासावे

तुम्ही गाठ घेऊन गेलात आणि डॉक्टरांनी फक्त बाहेरून चाचपून चिठ्ठी लिहिली, तर ती तपासणी अपुरी आहे. गालाची तपासणी दोन बाजूंनी होते. हातमोजा घालून एक बोट तोंडात, दुसऱ्या हाताची बोटे बाहेर, आणि मध्ये गाठ. तेव्हाच कळते की ती कातडीला चिकटली आहे की अस्तराला, हलते की हलत नाही. लाळेच्या नळीचे तोंड पाहावे, ग्रंथी दाबून लाळ स्वच्छ येते की पू येतो ते पाहावे. मानेतल्या गाठी चाचपाव्यात. तोंड किती उघडते ते पाहावे. मोठ्या माणसाची स्वतःची तीन बोटे, उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावली पाहिजेत.

आणि चेहरा हलवायला लावावा. भुवया उचला, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. गाठीच्या बाजूचा चेहरा आधीच कमजोर असेल तर ती गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या गाठी नसेला बाजूला सारतात, कॅन्सर तिच्यात घुसतो. अशीच धोक्याची बाकी लक्षणे पाठ करून ठेवा. गाठ अचानक भराभर वाढू लागणे, सतत दुखणे, कातडीला किंवा हाडाला घट्ट चिकटणे, मानेत दुसरी गाठ येणे, तोंड उघडणे कमी होणे, आणि तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम.

सुईची भीती

आता ज्यावरून सगळे अडते त्या सुईबद्दल. "डॉक्टरसाहेब, सुई मारली की गाठ चिडते ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा ऐकावा लागतो. गाठ चिडत नाही. एफएनएसी या तपासणीत वापरतात ती सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. तिने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या बारीक सुईने कॅन्सर पसरल्याचे जवळपास आढळत नाही. एवढा गैरसमज का पसरला? कारण आपल्याकडे माणूस सुई मारून घेतो, रिपोर्ट वाईट येतो, मग तो घाबरून चार महिने घरी बसतो. त्या चार महिन्यांत रोग वाढतो आणि दोष सुईला लागतो.

इथे एक फरक लक्षात घ्या. गाठ पॅरोटिडमध्ये असेल तर तपासणी सुईची. तिथे वरून छेद घेऊन तुकडा काढायचा नसतो, कारण नसेला इजा होऊ शकते आणि गाठीचे आवरण फुटून तिच्या पेशी आजूबाजूला सांडतात. त्या मुलीचे तेच झाले होते. पण तोंडाच्या आतल्या अस्तरावर जखम किंवा फोड असेल तर तिथे तुकडाच काढायचा असतो, जखमेच्या कडेचा, जागेवर भूल देऊन. तोही पाच-दहा मिनिटांचा मामला. थर कुठला त्यावर तपासणी ठरते.

सुई शंभर टक्के अचूक नसते. कधी पेशी पुरेशा येत नाहीत, मग सोनोग्राफीत बघत पुन्हा मारावी लागते. सोनोग्राफी स्वस्त आहे, तालुक्याला होते, आणि गाठ घन आहे की पाण्याची, ग्रंथीच्या आत आहे की बाहेर, हे सांगते. गाठ खोल असेल, घशाकडे गेली असेल, नसेवर शंका असेल, तर एमआरआय. तोंडाच्या आतल्या कॅन्सरसाठी, जबड्याचे हाड खाल्ले आहे का ते पाहायला सीटी स्कॅन. सीटी काढताना रोग्याला गाल फुग्यासारखा फुगवायला सांगतात. त्यामुळे गाल हिरडीपासून सुटतो आणि रोग नक्की कशावर आहे ते दिसते.

पॅरोटिडची शस्त्रक्रिया

लाळग्रंथींच्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के पॅरोटिडमध्ये होतात, आणि पॅरोटिडच्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के साध्या असतात. त्यातली सगळ्यात नेहमीची म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. कडक, न दुखणारी, सावकाश वाढणारी, कानाची पाळी वर उचलणारी. साधी आहे म्हणून सोडून द्यायची का? नाही. दोन कारणे. एक, ती वाढतच राहते. दोन, बरीच वर्षे राहिली तर काहींमध्ये तिचाच कॅन्सर होतो. आणि सोलून काढायचीही नाही. तिचे आवरण जागोजागी अपुरे असते आणि तिचे कोंब आवरणाबाहेर आलेले असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्जन ती सोलूनच काढत आणि शंभरातल्या वीसहून अधिक रोग्यांना ती परत होई. मग सर्जन आधी नस शोधून, तिच्यावरचा ग्रंथीचा भाग गाठीसकट काढू लागले. आता परत येण्याचे प्रमाण दोन-चार टक्क्यांच्या आसपास आले आहे.

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. छेद गालावर नसतो. तो कानाच्या पुढच्या सुरकुतीतून उतरतो, पाळीखालून मागे वळतो आणि मानेच्या सुरकुतीत येतो. वर्षभरात बहुतेकांचा व्रण शोधावा लागतो. मुलींच्या आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते. गालावरच्या "छोट्या" छेदापेक्षा हा लांब छेद कमी दिसतो. कातडी उचलली की नसेचे खोड शोधतात. कानाच्या कूर्चेचे टोक, कानामागचे हाड आणि मानेतला एक स्नायू, या खुणांवरून ते सापडते. मग एकेक फांदी मोकळी करत गाठ तिच्यावरून उचलतात. दोन ते तीन तास लागतात. साठलेले रक्त बाहेर यावे म्हणून एक-दोन दिवस बारीक नळी असते. आठवड्याने टाके निघतात.

"चेहरा वाकडा होईल का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारावाच. खरे उत्तर असे. नस हाताळल्यामुळे चार-पाच जणांपैकी एकाला, कधी त्याहून जास्त जणांना, काही आठवडे किंवा काही महिने चेहऱ्याचा एखादा भाग कमी हलतो, आणि मग तो परत येतो. कायमची कमजोरी, नेहमीच्या साध्या गाठीत आणि अनुभवी हातात, शंभरात तीन-चार जणांनाच किंवा त्याहूनही कमी जणांना राहते. डोळा नीट मिटत नसेल त्या काळात थेंब टाकायचे आणि रात्री पापणी चिकटपट्टीने बंद ठेवायची, नाहीतर बुबुळाला इजा होते. कानाची पाळी बधिर वाटते. बाळी घालताना बहिणींच्या ते लक्षात येते. बऱ्याच जणींत ते हळूहळू कमी होते.

आणि एक गमतीचा त्रास. काही जणांना शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम येतो. लाळेसाठी निघालेले तंतू चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जोडले जातात, म्हणून. १९२३ साली पोलंडच्या डॉक्टर लुसिया फ्राय यांनी याचा नीट अभ्यास मांडला आणि आजही त्याला त्यांचेच नाव आहे. त्या ज्यू होत्या. पुढे नाझींच्या राजवटीत त्यांचा बळी गेला. माझ्या रोग्याने घाम पुसत तक्रार केली की मला त्या बाई आठवतात. घाम फारच त्रास देत असेल तर बोट्युलिनमचे इंजेक्शन देऊन तो काही महिने थांबवता येतो.

पॅरोटिडची गाठ कॅन्सरची निघाली तर ग्रंथी जास्त काढावी लागते, कधी मानेतल्या गाठी, आणि नंतर किरणांचा इलाज. पण तिथेही नस आधीपासून चांगली चालत असेल आणि रोगात अडकली नसेल तर ती वाचवतात.

गालाच्या आतला कॅन्सर

आता ज्या रोगाने आपल्या वस्तीतले जास्त लोक जातात त्याकडे येते. गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. भारतात तोंडाच्या कॅन्सरचे दरवर्षी एक लाखाहून जास्त नवे रोगी निघतात. कारण आपल्या हातात आणि खिशात आहे. तंबाखूचा बार, गुटखा, मावा, खर्रा, आणि घरात बसून लावली जाणारी मिश्री. आमच्या बहिणी म्हणतात, "मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि नुसत्या सुपारीलाही निर्दोष समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते असे जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे या सभागृहाबाहेरची भिंत पाहिली की कळते.

सुपारीने आधी गाल आतून ताठ होतो. तिखट झोंबते, अस्तर पांढुरके पडते, तोंड उघडणे कमी होत जाते. तीन बोटांची दोन होतात, मग एक. ही कॅन्सरच्या आधीची सूचना आहे. त्या दिवशी पुडी टाकली आणि तपासणी सुरू केली तर मोठी आपत्ती टळू शकते.

एक भाऊ ट्रक चालवायचे. गालाच्या आत दाढेजवळ जखम झाली. दाढ टोचते म्हणून दाढ काढून घेतली. जखम भरली नाही. मग गोळ्या, मग लेप, मग एका दर्ग्याचा धागा आणि एका बाबांचा अंगारा, दोन्ही. पाच महिने गेले. माझ्याकडे आले तेव्हा रोग गालाच्या कातडीतून बाहेर डोकावत होता. दाढ काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तिथला तुकडा तपासलाच पाहिजे. दुवा करू नका असे मी म्हणत नाही. दुवा करत करत दवाखान्यात या.

या रोगात शस्त्रक्रिया हा मुख्य इलाज आहे. जखमेच्या चारी बाजूंनी आणि खोलवर सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भाग धरून रोग काढतात. रोग कातडीला लागला असेल तर कातडी, जबड्याला लागला असेल तर जबड्याचा कडेचा किंवा पूर्ण जाडीचा भाग. मग जागा भरायची. लहान असेल तर तिथेच टाके. मोठी असेल तर छातीवरचा स्नायू कातडीसकट वर आणून, किंवा मनगटाजवळची अथवा मांडीची कातडी रक्तवाहिन्यांसह काढून, त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडून. माणूस पुन्हा गिळू, बोलू लागतो. शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागतात, ते टाळले तर गाल पुन्हा आखडतो. काहींना नंतर किरणांचा इलाज लागतो, आणि तो शक्यतो सहा आठवड्यांच्या आसपास सुरू व्हावा लागतो.

"गालाचा रोग आहे, मग मान का कापता?" असे घरचे विचारतात. याचे उत्तर आपल्या मुंबईने जगाला दिले आहे. हाताला मानेत गाठ लागत नसताना मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसल्यावर काढाव्यात, यावर जगभर वाद होता. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरवर ही तुलना केली आणि २०१५ साली ५०० रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आधीच मान साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. दर शंभरात बारा-तेरा जीव.

लवकर आलेल्या दहा रोग्यांपैकी सात-आठ पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. उशिरा आलेल्यांत निम्मेही नसतात. रोग तोच, सर्जन तोच, फरक फक्त किती महिने गेले याचा.

पैसा आणि परवानगी

उशीर होण्याची दोन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले पैसा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन अंगीकृत रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिकेवर नाव नाही, आधारवर वेगळे स्पेलिंग आहे, म्हणून परत गेलेले लोक मी पाहिले आहेत. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, निरोगी असतानाच वस्तीतल्या लोकांचे हे कागद नीट करून द्या.

दुसरे कारण परवानगी. बाईच्या गालात गाठ असते आणि ती म्हणते, "ह्यांना विचारते", "पोराला सुट्टी मिळाली की येते." घरातल्या पुरुषाच्या गालात तीच गाठ असती तर दुसऱ्या दिवशी गाडी ठरली असती. भावांनो, आज घरी गेल्यावर आपल्या आईला, बायकोला, बहिणीला एकदा विचारा. गाठ बुरख्याआड आणि पदराआड सारखीच वाढते.

शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे देते, जी चिठ्ठीवर आली आहेत.

एका बहिणीने लिहिले आहे, "पुरुष डॉक्टरसमोर नकाब काढावा का?" बाई डॉक्टर मिळत असेल तर जरूर तिच्याकडे जा. मिळत नसेल तर नर्स किंवा घरचे कोणी सोबत ठेवण्याचा तुमचा हक्क आहे. पण पूर्ण चेहरा दाखवल्याशिवाय ही तपासणी होत नाही, कारण चेहरा कसा हलतो हीच तपासणी आहे. इलाजाच्या गरजेपुरती मुभा फिकहनेही दिलेली आहे.

एका काकांनी विचारले आहे, "गाठ दहा वर्षे आहे, वय सत्तर, दुखत नाही. हात कशाला लावायचा?" कदाचित लावायचाही नाही. जुन्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वॉर्थिन नावाची एक साधी गाठ होते, तिच्यावर नुसती नजर ठेवली तरी बहुतेक वेळा चालते. पण ती वॉर्थिन आहे की दहा वर्षांनी कॅन्सरकडे निघालेली दुसरी कुठली, हे सुईच सांगेल. काका, उद्या सुई मारून घ्या. मग हात लावायचा की नाही ते तुम्ही, मी आणि घरचे बसून ठरवू.

घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा. मोबाईलचा उजेड तोंडात टाका. दोन्ही गाल आतून बोटाने फिरवून पाहा. तीन बोटे मावतात का बघा. महिन्यातून एकदा, पाच मिनिटे. काही लागले तर घाबरू नका आणि लपवूही नका. कोणी कापायला निघाले तर आधी विचारा, "याचे नाव काय?" आणि काढलेली गाठ तपासायला पाठवा, तिचा रिपोर्ट जपून ठेवा.